काचा किती बादल्या पितात

नवतपा लागून आज तिसरा दिवस.
त्रिमूर्तीनगरच्या दुसऱ्या मजल्यावर
ऑफिसातला एसी खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो.
स्क्रीनवर माझ्यासमोर वाळवंट,
जैसलमेरच्याही पलीकडचं,
मी कधी न पाहिलेलं
आणि तरी गेले सात महिने
रोज नऊ ते सहा माझ्याच हाताखालचं.

लेयर एक : काचा. निळ्या. चौदाशे एकर.
लेयर दोन : रस्ते, कुंपण, पहारेकऱ्याची चौकी.
लेयर तीन, पुढेमागे : हॉटेल, उंटाची सफर,
तंबूत आंघोळीचा टब.
उरलेल्या सगळ्याला
देशकर सरांनी एकच रंग सांगितलाय, फिकट पिवळा,
आणि त्यावर दोन शब्द :
रिकामी जमीन.

सर वाईट नाहीत.
ऊन फुकट आहे म्हणतात, आणि आहेच.
त्या काचांमुळे कुठल्यातरी ढाणीत
पहिल्यांदा रात्रभर पंखा फिरेल,
हे मीही विसरत नाही.
कोळशाची राख अजून कधीमधी
आमच्या वाळत्या कपड्यांवर येऊन बसते,
पाहुण्यासारखी, न विचारता.

सर्व्हेचे फोटो आले होते हिवाळ्यात.
एकशे बारा नंबरच्या फोटोत, कोपऱ्यात,
फोकसच्या बाहेर एक बाई,
डोक्यावर हंडा.
मी झूम केलं. अजून केलं.
शेवटी नुसते चौकोन उरले,
तपकिरी, लाल, एक चकाकणारा.
रिकाम्या जमिनीत
ती पाणी आणत होती कुठून?

रात्री लष्करीबागेत, घरी,
सिमेंटचा रस्ता दिवसभराचं ऊन
परत करत होता, व्याजासकट.
बाबा कुलरच्या टाकीत पाणी ओतत होते.
चाळीस उन्हाळे त्यांनी लोकांच्या कुलरला
वाळ्याच्या ताट्या बसवल्या.
आता ताट्या कोणी मागत नाही,
बोटांचा वास मात्र गेलेला नाही.

"काय काढते गं उत्पला, रोज रोज?"
"वाळवंट, बाबा. तिथं वीज पिकवायचीय."
"बेस. आन् धुराळा?"
"बसतो ना. काचा धुवाव्या लागतात."
"किती बादल्या?"

मी हसले.
म्हटलं, कोरडं पुसणारं मशीन असतं,
प्लॅनमध्ये आहे,
बजेटमध्ये नाही अजून.

बाबांनी बादली उपडी ठेवली, तिच्यावर बसले.
"आपला कुलर एका राती सहा बादल्या पेते.
धग वाढली का आठ.
जितकी धग तितकी तहान, बाप्पा,
मशीन असो का मानूस.
आता सांग, तुह्या काचा किती पेतेत?
आन् कोनाच्या वाटच्या?"

पंप गुरगुरला. पहिली गार झुळूक आली.
मी तिच्यासमोरून उठले नाही,
उत्तरही दिलं नाही.

आज सकाळी लेयर चार उघडला. नाव दिलं नाही.
एकशे बारा नंबरचा फोटो जिथं काढला
तिथं एक गोल. लहान. निळा.
माप माहीत नाही, खोली माहीत नाही,
विहीर आहे की टाकं, तेही नाही.
तिथून पिवळ्यातून जाणारी
ठिपक्याठिपक्यांची पाऊलवाट,
नेमकी काचांच्या सतराव्या रांगेत घुसणारी.

सर मागे येऊन उभे.
"हे काय?"
"माहीत नाही, सर. विचारावं लागेल."
"कोणाला?"
मी फोटो दाखवला.
"क्लायंटला प्रश्नचिन्हं चालत नाहीत," सर म्हणाले,
आणि ओल्या रुमालानं मान पुसत
बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिले.

तेवढ्यात लाइट गेली.
एसी शेवटचं खोकला.
खिडकीतून झळ आत आली,
टेबलावरचे कागद तापायला लागले.
अंधाऱ्या स्क्रीनमध्ये आम्ही दोघंच,
फिकट, फोकसच्या बाहेर.

"सेव्ह केलंस ना?" सरांनी विचारलं.
काय ते बोलले नाहीत.